वळणाच्या जिन्याला खुर्चीची लिफ्ट: आईला जमेल का?

माईची_लेक:
अर्धांगवायूच्या झटक्यातून आई बरीच सावरली आहे. उजवा हात अजून साथ देत नाही, उजवा पाय फरफटतो. चार पायांची काठी घेऊन घरभर एकटी फिरते, पण जिना म्हटलं की दोघं लागतात, एक पुढे, एक मागे. जिना मध्ये वळतो आणि वळणावर त्रिकोणी पायऱ्या आहेत. आतल्या बाजूला पाऊल अर्धंच मावतं, नेमकी तिथेच ती थिजते.

भाऊ म्हणतो, पलंग खाली आणू. आई म्हणते, माझी खोली वर आहे, मी वरच झोपणार. मला आईचं पटतं. तिचं कपाट, तिची खिडकी, हवं तेव्हा दार लावून घेण्याची मुभा, सगळं वर आहे. बैठकीत पलंग टाकला तर ती दिवसरात्र सगळ्यांच्या नजरेसमोर पडून राहील.

म्हणून जिन्याच्या कडेने रुळावरून सरकणारी खुर्चीची लिफ्ट बसवायचा विचार आहे. वळणावर अशी लिफ्ट चालते का? भिंत जुनी आहे, भार पेलेल का? वीज गेली तर आई मध्येच अडकेल का? जाहिराती वाचून झाल्यात, वापरणाऱ्यांनी सांगा.

संधिवाताचं_घर:
आमच्याकडे हिच्यासाठी बसवली आहे. भिंतीची चिंता सोडा, सहसा रूळ पायऱ्यांवर बसवतात, भिंतीत नाही. पायऱ्या भक्कम हव्यात. वळणावरही चालते, फक्त रूळ तुमच्याच जिन्याच्या मापाने वाकवून घ्यावा लागतो. सरळ जिन्याचा रूळ तयार मिळतो, लांबीला कापला की झालं. म्हणून वळणाचं काम महाग पडतं, वेळही जास्त लागतो आणि घर बदललं तर तो रूळ दुसरीकडे बसत नाही.

वीज गेली तरी खुर्ची बॅटरीवर चालते. रुळाच्या टोकाला उभी केली की चार्ज होत राहते, त्यामुळे मध्येच कुठेतरी सोडून जायचं नाही. वेगाला भिऊ नका. युरोपीय मानकात कमाल वेगच सेकंदाला ०.१५ मीटर आहे. पायठेवणीला काही अडलं तर जागच्या जागी थांबते.

जिने_बघणारी:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारानंतर रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी; लोकांच्या घरी जाऊन जिने बघणं हे माझं कामच. ताई, जिना चढवायचं काम यंत्र करेल. आईंची खरी कसोटी आहे वर पोचल्यावर खुर्चीतून उठण्यात, तेव्हा लिफ्ट पसंत करण्याआधी ते बघा.

हाताच्या, टणक खुर्चीत त्यांना बसवा. फक्त डाव्या हाताने रेटा देऊन उठता येतं का? उठल्यावर काठी हातात येईपर्यंत तोल राहतो का? आधाराशिवाय ताठ बसता येतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तर पुढे जा.

वर पोचल्यावर खुर्ची जिन्याकडे पाठ करून फिरली पाहिजे, म्हणजे पाय थेट सपाट जमिनीवर येतात. हे फिरवणं काही खुर्च्यांत हाताच्या दांड्याने होतं, काहींत बटणावर. तुमच्या आईंसाठी बटणाचीच घ्या. चालवायचं बटण डाव्या हाताकडे लावून घ्या. पट्टाही एका हाताने लागतो का, ते त्यांना स्वतः लावायला सांगून बघा, विकणाऱ्याने लावून दाखवलेला धरू नका.

आणखी एक. वळणावर रूळ बाहेरच्या भिंतीकडून नेला तर चालणाऱ्यांच्या वाट्याला पायरीची अरुंद बाजू उरते. आतून नेता येतो का, हे माप घेणाऱ्याला जरूर विचारा. बसल्यावर गुडघे समोरच्या भिंतीला लागत नाहीत ना, हेही त्याच वेळी मोजून घ्या.

कंपवात_बाबा:
बटण सतत दाबून धरावं लागतं, सोडलं की खुर्ची थांबते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे खुर्ची हिसके देत जायची. आता रिमोट आम्ही धरतो आणि सोबत चढतो. आईंचा डावा हात स्थिर असेल तर हा त्रास होणार नाही.

माईची_लेक:
आई डाव्या हाताने उठली, तीनदा, आणि चौथ्यांदा उठायला आपणहून तयार होती! ताठही बसते. अडचण वर आहे. शेवटच्या पायरीला लागूनच खोलीचं दार आहे आणि ते बाहेर उघडतं. काठी घेऊन वळायला जागाच नाही.

जिने_बघणारी:
छान! दार आत उघडेल असं करून घ्या, सुताराचं काम आहे. तेवढ्याने भागलं नाही तर रूळ शेवटच्या पायरीपुढे वळवून सपाट जागेवर नेता येतो, तिथे जागा आहे का ते मापाच्या वेळी ठरेल. उतरल्यावर डाव्या हाताला पडेल असा दांडा भिंतीत बसवा. भिंत जुनी म्हणताय, तर तिची पकड इथे नीट तपासायला हवी. आणि काठ्या दोन ठेवा, एक वर, एक खाली. काठी मांडीवर घेऊन प्रवास नको.

माईची_लेक:
सुताराला उद्याच बोलावते. माप घ्यायला येतील तेव्हा भावालाही थांबवून घेते, त्याचे प्रश्न त्यानेच विचारू देत.