ट्रान्सड्यूसरच्या चिकट जोडाची ताकद नेमकी कशी तपासावी?

प्रश्न (अंधेरी)
आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही सुटे भाग धुण्याच्या अल्ट्रासॉनिक टाक्या बनवतो. ४० किलोहर्ट्झचे ट्रान्सड्यूसर (विजेचे कंपनांत रूपांतर करणारे भाग) ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या तळाला बाहेरून इपॉक्सीने चिकटवतो. नमुन्याचा जोड जिगवर (पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) ओढून पाहिला तर उत्तम भरतो. तरीही गेल्या पावसाळ्यात बनवलेल्या तीन टाक्यांचे ट्रान्सड्यूसर ६० अंशांवर काही आठवडे चालल्यावर सुटून आले. हीच चाचणी अधिक कडक करावी, की चाचणीच बदलावी?

उत्तर (भांडुप)
जोड किती जोराला तुटला यापेक्षा तो कुठून तुटला, हे आधी पाहावे. दोन्ही तोंडांवर इपॉक्सी राहिली असेल तर थरच फाटला. पत्रा कोरा निघाला असेल तर पत्र्याची तयारी कमी पडली. ब्लास्टिंग (कणांच्या माऱ्याने पत्रा खरखरीत करणे) आणि अॅसिटोनने पुसणे झाल्यावर पत्र्यावर शुद्ध पाणी सोडून पाहा : पाणी अखंड पसरले तर पत्रा स्वच्छ, थेंब गोळा झाले तर तेलकटपणा शिल्लक आहे. पत्रा पूर्ण कोरडा करून लगेच चिकटवावा. जुलैच्या दमट हवेत तो तासन्‌तास उघडा ठेवणे मला धोक्याचे वाटते. आणि ओढण्यापूर्वी ट्रान्सड्यूसरची दोन्ही टर्मिनल तारेने जोडून घ्या, कारण ताण बदलला की त्यातल्या पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकवर व्होल्टेज तयार होते आणि झटका बसतो.

उत्तर (मुलुंड)
वरील मताशी मी सहमत आहे, पण थंड आणि कोरड्या जोडाचा आकडा तुमच्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही. ट्रान्सड्यूसरचे चिकटवायचे तोंड सहसा अॅल्युमिनियमचे असते; अॅल्युमिनियम दर अंशाला दशलक्षांत सुमारे २३ भाग प्रसरण पावते आणि ३०४ स्टील सुमारे १७, त्यामुळे टाकी तापताच जोडावर कातरणारा ताण येतो. म्हणून एएसटीएम डी १००२ या चिकट जोडांच्या कातर-चाचणीच्या मानकाप्रमाणे १.६ मिमी पत्र्याच्या, २५.४ मिमी रुंद पट्ट्या १२.७ मिमी एकमेकींवर चढवून चिकटवाव्यात आणि त्यांतील काही उष्ण, दमट हवेत ठेवून ६० अंशांवरच ओढाव्यात. त्यातूनही थकव्याचा (सततच्या कंपनाने जोड कमकुवत होण्याचा) अंदाज येत नाही : ४० किलोहर्ट्झला जोड तासाभरात १४ कोटी ४० लाख वेळा हलतो. यासाठी इम्पिडन्स अॅनालायझरवर (वेगवेगळ्या वारंवारतांना विद्युत विरोध मोजणाऱ्या उपकरणावर) प्रत्येक ट्रान्सड्यूसरची अनुनाद वारंवारता, म्हणजे तो ज्या वारंवारतेला सर्वाधिक कंप पावतो ती, चिकटवण्यापूर्वी, चिकटवल्यावर आणि टाकी गरम पाण्यावर सलग चालवल्यावर, पाण्याची पातळी व तापमान तेच ठेवून, नोंदवावी. एकाचाच आकडा इतरांपासून सरकू लागला, तर तो जोड सुटण्याआधीच तुमच्या हाती लागतो.

प्रश्नकर्ता
तिन्ही टाक्या आज उलट्या करून पाहिल्या. पत्रा तिन्ही ठिकाणी कोरा आहे, आणि एका ट्रान्सड्यूसरवरच्या इपॉक्सीत बोटाचा ठसा रेषेरेषेनिशी उमटलेला आहे.