मदत हवी आहे: देशोदेशीच्या सोयाबीन साठ्याची तुलना कशी करावी?

मंडळी, मी निपाणीजवळचा. सोप्यात सोयाबीनची चौदा पोती थप्पीला आहेत. बाबा रोज एखाद्या पोत्यात हात घालून ओल बघतात आणि विचारतात, "काय म्हणतीया रं तुझी अमेरिका?" भावाचं विचारलं की अडत्याचं ठरलेलं उत्तर, "भाईर माल लई पडलाय." खरंखोटं बघावं म्हणून अमेरिका, ब्राझील, चीन आणि भारताचे वर्षअखेरच्या शिल्लक साठ्याचे आकडे एक्सेलमध्ये मांडलेत.

अमेरिकेचे आकडे बुशेल या तिकडच्या मापात असतात, ते निस्तरलं: सोयाबीनचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे 27.2 किलो. घोडं अडलंय वर्षावर. अमेरिकेचं पणन वर्ष (नव्या पिकाच्या विक्रीचा हिशोब धरायचं वर्ष) 1 सप्टेंबरला सुरू होतं, आपलं ऑक्टोबरला, आणि ब्राझीलची सुगी जानेवारी ते एप्रिल. ऑगस्टअखेर अमेरिकेची कोठारं तळाला गेलेली असतात, तेव्हा ब्राझीलकडं बराच माल असतो. हे एका रांगेत बसवायचं कसं?

दुसरं, बदल टक्क्यांत काढला की भारताची रेघ नुसती उड्या मारते, कारण मुळात शिल्लकच थोडी. मग साठा भागिले वार्षिक वापर असं गुणोत्तर घ्यावं, की एक वर्ष 100 धरून निर्देशांक? आणि चीनचं बहुतेक सोयाबीन आयातीचं, त्याचा साठा त्याच तागडीत तोलावा का?

कुणी केलं असेल तर फाईलचा नमुना टाका. पुढच्या बाजाराआधी बाबांना काहीतरी सांगायचंय.