ऊसतोडीच्या हंगामात एआरटी (एचआयव्हीवरचा रोजचा औषधोपचार) खंडित होऊ नये म्हणून काय करावं?

प्रश्न: बीडहून टोळ्या कोल्हापूरकडे निघाल्या की आमच्या मदतगटातल्या काहींच्या गोळ्या फडावरच संपतात. आधी काय तयारी करावी?

उत्तर १: निघण्यापूर्वी एआरटी केंद्रातून मिळेल तेवढ्या महिन्यांचा साठा घ्या. उपचाराचं पुस्तक सोबत हवंच. फडाजवळचं केंद्र १०९७ या एड्स हेल्पलाइनवर विचारून ठेवा.

उत्तर २: टीएलडी (डोलुटेग्राविर आणि आणखी दोन औषधं असलेली एआरटीची गोळी) रोज एकच. चुकली तर आठवताच घ्यावी, पण एकदम दोन कधीच नकोत. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तर डोलुटेग्राविर नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत घेतल्या तर चालतं. बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, त्यांना हे आवर्जून सांगा. क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर टीएलडीनंतर बारा तासांनी डोलुटेग्राविर ५० मिग्रॅ जादा लागतं, डॉक्टरांना विचारा.

उत्तर ३: आणि मुकादमाला नावं कळू देऊ नका. कुणाला एचआयव्ही आहे हे संमतीविना सांगायला २०१७ च्या एचआयव्ही/एड्स कायद्याने मनाई आहे.