मामलेदारणीला पिंजऱ्यात कसं घ्यायचं? (सातारा) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर मंगळवार पेठेत, जुन्या वाड्याच्या मागच्या अंगाला. वर कौलं, खाली माळा, आणि माळ्यावर कायम कुणाचं तरी बाळंतपण. अंगणात रोज ७ मांजरं जेवायला. पाळलेलं एकही नाही. दिवाळीपासून ४ भाट्यांची (माद्यांची) नसबंदीची ऑपरेशनं करून घेतली, पदरमोड करून. भूल असतानाच डाव्या कानाचं टोक कापतात, त्यामुळे कोण झालं, कोण राहिलं ते लांबूनही कळतं. दोन बोके बाकी आहेत, पण ते पायात घोटाळतात, बाजाराच्या पिशवीतसुद्धा बसतील. त्यांचं सावकाश.

अडलंय ते सातवीपाशी. काळी, तुटक्या शेपटीची. रोज वेळेवर येते, सगळ्यांना हाकलते, वसुली करून जाते, म्हणून सासूबाई तिला मामलेदारीण म्हणतात. पाच आठवड्यांपूर्वी माळ्यावर व्याली. पिल्लं ३. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, त्यातली दोन झाली. पिल्लं आता मासळी-भात चाटायला लागलीत. मागच्या खेपेला मी ‘पिल्लं मोठी होऊ देत, मग बघू’ म्हणत बसले आणि बाई पुन्हा गाभण. अंगावर पाजत असतानाही राहते, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि दिवस भरायला नऊच आठवडे!

घुशीचा मोठा पिंजरा लावून पाहिला. तिने पंजा घालून बोंबील ओढला, दार खाडकन पडलं, ती पसार. आता पिंजरा दिसला की भिंतीवरूनच परत फिरते.

त्यात शेजारचे काका सगळ्यांना पोत्यात घालून यवतेश्वरच्या घाटात सोडायचं म्हणताहेत. माणूस वाईट नाही. बोके त्यांच्या स्कूटरवर फवारा मारतात, तो वास मला रोज आला असता तर मीही काही कमी बोलले नसते. पण खरकटं आणि माळे इथेच राहणार, म्हणजे ही गेली की पलीकडच्या गल्लीतली येणार. काका म्हणतात, ‘मग त्यांनाही सोडू.’ असं जनावर उपाशी मरायला टाकणं १९६० च्या प्राणी-क्रूरता कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड ५० रुपयांपर्यंत. तेवढ्याने काका काय घाबरणार?

तर ऑपरेशन कधी करू, आणि हिला धरू कशी? शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मांजर घेऊन कुणी गेलंय का? वाटेत खंबाटकीचा घाट, एवढ्या प्रवासात पिंजऱ्यातलं मांजर कसं राहतं?

‘दूध ठेवा’ कृपया सुचवू नका. ठेवून झालंय, हगवण मी काढलीय.

कराडकर:
पिंजरा वाईट नाही, घाई वाईट. दार तारेने उघडंच बांधून टाका आणि जेवण पिंजऱ्याच्या बाहेर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर, मग रोज थोडं आत. ती शेवटापर्यंत जाऊन निवांत खायला लागली की तार सोडायची. आदल्या रात्री अंगणात कुणालाच काही घालू नका. बाकीच्यांचे हाल होतील, पण भुकेशिवाय ही आत जाणार नाही. दार पडलं की लगेच वरून जुनी चादर टाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं गप्प बसतात. हाताने धरायला जाऊ नका. चावलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सिव्हिल गाठा.

सांगलीची आत्या:
ताई, तुम्ही क्रम उलटा लावलाय. बोके आधी न्या! बोक्याचं ऑपरेशन झालं की काही आठवड्यांत फवारा बहुतेक कमी होतो, काकांचं निम्मं भांडण तिथेच मिटतं. तिचं ऑपरेशन दूध असतानाही होतं, फक्त ती पाजतेय हे डॉक्टरांना आधी सांगा. पिल्लं आपली आपण खायला लागली की एखाद-दुसरा दिवस आईवाचून निघतो. आणि पिल्लांना आत्ताच रोज हातात घ्या. साधारण आठ आठवड्यांपर्यंत माणसाची सवय लागते, मग घरंही मिळतात. तो काळ गेला की तुमच्याकडे अजून ३ मामलेदार.

धागाकर्ती:
आत्या, बोके सोपे म्हणून मागे ठेवले होते, हे वाचून कपाळावर हात मारला. दोघंही परवा उरकले. एक पिशवीतूनच गेला, खरंच.

पिंजऱ्याचा आज पाचवा दिवस. मामलेदारीण अर्धी आत गेली, मागचे पाय बाहेर ठेवून जेवली. दार बांधायला तार काकांनीच दिली. स्कूटरवर ताडपत्री मात्र अजून आहे. शिरवळचं कुणी सांगेल का?