प्राथमिक आयटी कोर्समधून तुमच्या हाती खरंच काय लागलं?

कोरीपाटी:
पहिल्या सत्राला 'माहिती तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय सक्तीचा आहे. माझा मुख्य विषय इतिहास. टायपिंग येतं, एक्सेल जेमतेम. इनपुट-आउटपुटच्या व्याख्या घोकून पास व्हायचं, की काही शिकायलाही मिळतं? 'काळाची गरज' वगैरे उत्तरं कृपया नकोत.

अर्धविराम:
मी भाषेची विद्यार्थिनी. पहिले तीन आठवडे संगणकाच्या पिढ्या पाठ करण्यात गेले, त्यातलं आज काहीही आठवत नाही. मग एका प्रॅक्टिकलला मॅडमनी 'क्षि' टाइप करायला लावलं आणि विचारलं, ही अक्षरं किती? सगळा वर्ग म्हणाला, एक. संगणकाच्या लेखी चार निघाली: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत) चौघांना वेगवेगळे क्रमांक, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने ते साठवताना प्रत्येकी ३ बाइट (बाइट म्हणजे साठवणुकीच्या जागेचं माप). म्हणजे एका 'क्षि'ला १२ बाइट, इंग्रजी 'ए'ला एक! एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात आणि मराठी ७० च का, याचं कोडंही त्याच आठवड्यात सुटलं. (त्या सत्तरांतली चार एकटा 'क्षि' खातो.)

पण खरा फायदा घरी झाला. आत्याच्या कवितांची छपाईसाठी केलेली जुनी डीटीपी फाइल उघडली की रोमन अक्षरांचं नुसतं कडबोळं दिसायचं. करप्ट झाली म्हणून मी नाद सोडला होता. फाइल धडधाकट होती. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, तो फॉन्टच माझ्याकडे नव्हता. फॉन्ट टाकला, कविता दिसल्या. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणल्या तर रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसलेल्या. चाळीस पानं हाताने दुरुस्त केली, दोन रविवार गेले. आत्याने त्यातही तीन चुका काढल्या.

बेरीजवजा:
आमच्याकडे एवढं रंगतदार काही नव्हतं बुवा. मला एकच गोष्ट मिळाली: एक्सेलमध्ये ००७ लिहिलं की ७ उरतो. हजेरी क्रमांक भरण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करायचा. नंतर केला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत. हे कळायच्या आधी मी अख्ख्या वर्गाची यादी बिघडवून ठेवली होती.

कोरीपाटी:
अर्धविराम, आता उत्सुकता वाटतेय. मी मोडी शिकतोय. मोडीलाही असे क्रमांक आहेत का, की फोटोच जोडत बसायचं?

अर्धविराम:
आहेत की! २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये मोडी आली. तिच्या अक्षराला ३ नाही, ४ बाइट लागतात. मोडीचा फॉन्ट मात्र वेगळा टाकावा लागेल, नाहीतर सगळीकडे चौकोन दिसतील. आणि दिसलेच चौकोन, तर माझ्यासारखा फाइलचा नाद सोडू नका.