आपत्तीतून वाचवलेल्या प्राण्यांचा आजीवन सांभाळ : नेमके शब्द कोणते?

प्रश्न

नैसर्गिक आपत्तीतून वाचवलेल्या आणि पुढे माणसांच्या देखभालीखाली राहिलेल्या प्राण्यांविषयीची एक माहितीपुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आहे. तीत काझीरंगाच्या पुरात आईपासून तुटलेली गेंड्याची पिल्ले आहेत, केनियातील दुष्काळात पोरकी झालेली हत्तीची पिल्ले आहेत आणि २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर लुइझियानात मागे राहिलेली कुत्री-मांजरेही आहेत. ‘सँक्च्युअरी’ या एका शब्दासाठी अभयारण्य, निवारा केंद्र आणि पुनर्वसन केंद्र हे शब्द मी आलटून पालटून वापरून पाहिले, पण त्यांतला एकही सगळीकडे बसत नाही. शिवाय ‘रेस्क्यू’साठी ‘सुटका’ लिहावे की ‘बचाव’, हेही ठरत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला दुसरा प्रश्न तुलनेने सोपा आहे, म्हणून तो आधी घेतो. सुटका होण्यासाठी प्राणी कशात तरी अडकलेला किंवा कोणीतरी कोंडलेला असावा लागतो. सर्कशीच्या पिंजऱ्यातून, शिकाऱ्याच्या फासातून, फार तर कोरड्या विहिरीतून सुटका होते. पुरातून मात्र जनावर वाचवतात किंवा बाहेर काढतात. तेव्हा ‘पुरातून वाचवलेली पिल्ले’ असे लिहावे आणि नामच हवे असेल तेथे ‘बचाव’ वापरावा.

‘अभयारण्य’ या संदर्भात पूर्णपणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द सुंदर आहे आणि अभय देण्याची कल्पना येथे शोभणारीही आहे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला ठाम कायदेशीर अर्थ आला आहे, आणि त्याच्याही आधी, १९५८ साली घोषित झालेल्या राधानगरीपासून, मराठी वाचकाच्या मनात त्याचे चित्र पक्के झालेले आहे. अभयारण्यात प्राण्याने आपले आपण जगावे आणि माणसाने त्यात शक्य तितका कमी हात घालावा, अशी अपेक्षा असते. आपल्या पुस्तिकेतले प्राणी नेमके याच्या उलट स्थितीत आहेत. नैरोबीच्या शेल्ड्रिक संस्थेत पोरक्या हत्तीच्या पिल्लाला दूध पाजताना कांबळे टांगून धरतात, म्हणजे पिल्लाला सोंड टेकवायला आईच्या पोटासारखा आधार मिळतो, आणि रात्री सांभाळणारा माणूस त्याच्याच खोलीत झोपतो. या जागेला अभयारण्य म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर ती कधीही उभी राहणार नाही.

‘पुनर्वसन’ हा शब्द मात्र सरसकट फेकून देऊ नये. महाराष्ट्रात तो कोयना धरणग्रस्तांमुळे आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपामुळे घरोघरी पोहोचला. त्याचा गाभा पुन्हा वसण्यात आहे, म्हणजे ज्याचे बस्तान उठले त्याने दुसरीकडे का होईना, स्वतःचे घर करून राहावे. काझीरंगाच्या बाबतीत हे अक्षरशः लागू पडते. पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचे पाणी उद्यानात चढले की प्राणी दक्षिणेकडच्या कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे निघतात आणि या धावपळीत लहान पिल्ले मागे पडतात. त्यांच्यासाठी उद्यानालगत पानबारीजवळ २००२ मध्ये केंद्र सुरू झाले. तेथे बाटलीने दूध पिऊन वाढलेली काही पिल्ले २००६ पासून मानस राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आली. मानसमधील गेंडे १९९० च्या दशकातील अशांततेच्या काळात शिकारीमुळे संपले होते, आणि तेथे नेलेल्या या माद्यांना पुढे जंगलात पिल्लेही झाली. याला पुनर्वसन म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? फक्त बाटलीच्या दुधाचा काळ आणि जंगलात सोडण्याचा काळ यांना एकच शब्द लावू नये. पहिल्या काळासाठी ‘संगोपन’ हा उत्तम शब्द आहे, कारण वाढवण्याचा आणि जपण्याचा अर्थ त्यात एकत्र आहे.

खरी अडचण उरते ती परत जाऊ न शकणाऱ्यांची. शेल्ड्रिक संस्थेतील बहुतेक हत्ती मोठे झाल्यावर त्सावोमध्ये वोई किंवा इथुंबा येथे जातात आणि हळूहळू रानटी कळपांत मिसळतात. परंतु जुन्या जखमांमुळे अधू राहिलेल्या हत्तींसाठी किब्वेझी जंगलात उमानी स्प्रिंग्ज ही वेगळी जागा केलेली आहे, जिथे पाणी आणि झाडपाला जवळपास वर्षभर मिळतो. अशा प्राण्यांसाठी मराठीत ‘सांभाळ’ याहून नेमका शब्द मला सुचत नाही. आपण गुरे सांभाळतो, म्हातारे आईवडील सांभाळतो, कोणाचे पोरके मूल सांभाळतो. आणि या क्रियापदात काम कधी संपणार याचा हिशेब नसतो. ‘शुश्रूषा’ आजार बरा झाला की थांबते, ‘देखभाल’ यंत्राचीही होते. ‘दीर्घकालीन देखभाल’ असे लिहिण्याऐवजी ‘आजीवन सांभाळ’ असे लिहावे.

जागेसाठी आपल्याकडे एक जुना शब्द आहे, तो म्हणजे ‘पांजरपोळ’. मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल झाली आणि दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आदींच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. दूध, काम किंवा विक्री यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता जनावर मरेपर्यंत पोसण्याची ही संस्था आपल्या भाषेत जवळपास २०० वर्षे नांदते आहे. शब्द गुजरातीतून आला. त्यातल्या ‘पोळ’चा तिकडचा अर्थ दरवाजा असलेली गल्ली, मराठी कानाला मात्र देवाला सोडलेला वळू, तो ‘पोळ’, ऐकू येतो, आणि तो अर्थही येथे परका वाटत नाही.

प्रतिसाद २

‘सांभाळ’ मनापासून पटला. ‘पांजरपोळ’विषयी मात्र माझा आक्षेप नोंदवतो. आमच्या शिरोळ भागात हा शब्द उच्चारला की भाकड गाई आणि म्हातारे बैलच डोळ्यांपुढे येतात. गेंडा किंवा हत्ती पांजरपोळीत आहे असे लिहिले, तर वाचक आधी थबकेल आणि मग हसेल, आणि आपल्या विषयाला ते परवडणारे नाही.

आणखी एक शब्द या चर्चेत आलेला नाही, तो म्हणजे ‘छावणी’. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडे पाणी गोठ्यात शिरू लागल्यावर अनेकांना दावी कापून जनावरे मोकळी सोडावी लागली. गाठ सोडत बसायला वेळ नव्हता आणि भिजलेली गाठ सुटतही नाही. ज्यांना जनावरे घेऊन निघता आले, त्यांची जनावरे उंचावरच्या छावण्यांत राहिली. माणदेश आणि मराठवाड्यातील दुष्काळात चारा छावण्या असतात, त्याही अशाच. छावणीत जनावराचा मालक जवळ असतो, बहुतेक वेळा तो तेथेच मुक्काम करतो, आणि पाणी ओसरले किंवा पाऊस पडला की जनावर पुन्हा त्याच्या दावणीला जाते. म्हणून वादळानंतर कुत्र्यामांजरांना जेथे काही आठवडे ठेवले, त्या लुइझियानातील गोंझालेसच्या प्रदर्शन मैदानाला आपण निःशंकपणे ‘छावणी’ म्हणावे. मालक त्यांच्याजवळ नव्हते हा फरक आहे, पण मालक सापडेपर्यंतची सोय हाच तेथला हेतू होता. कायमच्या जागेला मात्र चुकूनही छावणी म्हणू नये.

प्रतिसाद ३

आपला आक्षेप मला मान्य आहे. पांजरपोळ गुराढोरांपुरती ठेवावी. गाई-म्हशी, घोडे किंवा गाढवे यांच्याविषयी लिहिताना ती अगदी योग्य आहे. वन्य प्राण्यांसाठी ‘निवारा केंद्र’ चालेल, पण त्याचे रूप सांभाळावे लागेल. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या केंद्राचा उल्लेख वर्तमानपत्रांत कधी ‘बिबट निवारा केंद्र’, तर कधी ‘बिबट निवारण केंद्र’ असा येतो. जंगलात परत सोडता न येणारे बिबटे जेथे आयुष्यभर राहतात, तेथे निवारण कोणाचे? निवारण संकटाचे किंवा तक्रारीचे होते. बिबट्याला निवारा मिळतो. दुसरा पर्याय हेमलकशाला रूढ झालेला आहे. तेथे वन्य प्राण्यांच्या जागेला ‘प्राण्यांचे अनाथालय’ म्हणतात. तेथील पिल्ले पुरामुळे नव्हे, तर शिकारीमुळे पोरकी झालेली होती, पण शब्दाला त्याने बाधा येत नाही. आपल्या हत्ती-गेंड्यांच्या पिल्लांना तो चपखल बसेल. प्रौढ, अधू प्राण्यांना बसणार नाही, त्यांच्यासाठी ‘निवारा’च लिहावे.

कतरिनाच्या प्रकरणात ‘दत्तक’ शब्द जपून वापरावा, एवढेच सुचवतो. तेथील अनेक कुत्री दूरच्या राज्यांतल्या कुटुंबांकडे गेली, काही महिन्यांनी मूळ मालक त्यांचा शोध घेत आले आणि काही वाद न्यायालयापर्यंत पोहोचले. मराठीत दत्तक गेलेले मूल परत मागता येत नाही, इतका तो शब्द पक्का आहे. दुसरीकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील दत्तक योजनेमुळे, वर्षभराचा खर्च उचलणे असाही अर्थ त्याला येऊन चिकटला आहे. मालकाचा शोध चालू असताना कुत्रे ज्या घरी राहिले, तेथे ‘तात्पुरता सांभाळ’ लिहावे आणि ‘दत्तक’ हा शब्द मालकी खरोखर बदलली त्या ठिकाणासाठी राखून ठेवावा.