आईच्या व्हिडिओखाली घाण लिहिणाऱ्यांचं काय करू?

मालवणची लेक
आई 58 वर्षांची. बांगड्याचं तिखलं, घावणे, सोलकढी, तिच्या हातचं सगळं मी मोबाइलवर टिपून टाकते. गेल्या आठवड्यात पहिलीच कमेंट आली, "हे हात बघून कोण जेवेल?" तासाभरात त्याखाली चाळीस जमल्या. आईची नखं हळदीने पिवळी असतात, डाव्या अंगठ्यावर विळीची जुनी खूण आहे. रात्री भांडी घासताना तिने विचारलं, "माजे हात खरांच वायट दिसतत काय गो?" तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. लिहिणाऱ्यांत एक मुलगा आमच्याच वाडीतला! बाजारात भेटला की "काकी, काय म्हणतास?" म्हणत पिशवी उचलतो. असं लिहिताना त्याला काहीच कसं वाटलं नाही?

कणकवलीचा मास्तर
ताई, पिशवी उचलताना त्याला काकीचा चेहरा दिसतो, फोनवर दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये हेच मांडलं होतं: ओळख झाकलेली, समोरचा दिसत नाही, उत्तर लगेच येत नाही, म्हणून जिभेचा लगाम सुटतो. काहींना छळण्यातच आनंद मिळतो. त्यांच्याशी वाद न घालता सरळ ब्लॉक करा. बाकीचे मात्र साधी माणसं असतात. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रयोग केला: आधी चाचणी द्यायची, मग एका लेखाखाली प्रतिक्रिया लिहायची. सोपी चाचणी दिलेल्या आणि वर साध्या प्रतिक्रिया पाहिलेल्या लोकांपैकी 35 टक्क्यांनी वाकडं लिहिलं. अवघड चाचणीने वैतागलेल्या आणि वर घाण पाहिलेल्यांत हेच प्रमाण 68 टक्के झालं. म्हणून पहिली कमेंट दिसताक्षणी काढा, चाळीस व्हायची वाट बघू नका.

बंदरावरचा
मी असं लिहिलेलं आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होडी शाकारून ठेवलेली, हप्ता डोक्यावर, पावसात दिवसभर हातात फोन. एका बाईच्या गाण्याला लोक हसत होते, मीही दोन ओळी खरडल्या. बायकोने त्या मोठ्याने वाचल्या. तिच्या तोंडून मला ऐकवेना. पुसल्या, त्या बाईंची माफी मागितली. त्या मुलाला चारचौघांत नको, एकट्याला गाठ आणि त्याचीच कमेंट त्याला वाचायला लाव.

रत्नागिरीकर
आमच्या पाककृतींच्या गटात नियम सगळ्यात वर दिसतील असे लावलेत, खूप फरक पडला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या विज्ञान गटाच्या 2019 च्या अभ्यासातही वर नियम दाखवल्यावर नवख्यांचं नियम पाळणं सुमारे 8 टक्के बिंदूंनी वाढलं होतं. मालवणीत लिही, आपल्या माणसांना ते लागतं.

मालवणची लेक
सगळ्यांचे आभार. हातांवरच्या सगळ्या कमेंट आज काढल्या, नियम आईकडूनच सांगून घेतला आणि वर लावला. त्या मुलाशी अजून बोलले नाही, राग उतरू दे. रविवारी घावणे करणार आहोत. आई म्हणते, हात दाखवू नको. तिला समजावतेय.